वैजनाथची पिनबॉल मशीन

खामगावात मोटर जळाली की लोक डोळे मिटून वैजनाथकडे यायचे. तांब्याची तार गुंडाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हुशार माणसाच्या डोक्यात काय खूळ शिरेल, सांगता येतं का! मोबाइलवर गोळी उडवायचा पिनबॉलचा खेळ पाहिला आणि पठ्ठ्यानं दुकानाचं काम बाजूला सारून तशीच मशीन घरी जुळवायला घेतली. जत्रेत लावायची होती.

प्लायवूडचा उतरता फळा, वर गोळी आपटली की उसळवणारे तीन रबरी ठोकळे, कडांनी वळणदार वाटा, खाली गोळी उडवणारी दोन पाती आणि पात्यांच्या मधोमध भोक. गोळी त्यात पडली की डाव संपला, म्हणून ते भोक त्यानं चारदा मोठं केलं. भोवती चकचकीत लोखंडी पट्टी.

पात्यांना घरातली वीज थेट जोडलेली. बायको, स्नेहलता, रोज विचारायची, "तुमी ट्रान्सफॉर्मर काऊन नाही बसवून राह्यले?"

"त्यानं विजेचा दाब कमी होते, गोळी मरतुकडी चालते. जत्रा झाली का बसवतो."

एकदा टेस्टर पट्टीला लागला आणि त्यातला दिवा मिणमिणला, म्हणजे पट्टीत करंट उतरत होता. वैजनाथनं टेस्टर मुकाट्यानं खिशात घातला. काम करताना रबरी चप्पल तो कधी काढायचा नाही, त्यामुळे त्याला स्वतःला झटका असा बसलाच नव्हता.

दसऱ्याला मशीनची पूजा ठरली. त्याची आई सोजराबाई दारातच डाफरली, "काऊन बे, देवाचं करतांनी पायात चप्पल?"

सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी फरशीवर सांडलं. वैजनाथनं बटण दाबलं, दिवे लागले. पहिला डाव लेकीचा, तेरा वर्षांच्या हिमानीचा. ती हसत पुढं झाली. तिची ओली पावलं दिसली आणि वैजनाथ तिच्याकडे धावला.

"हात नको लावू!"

तोवर पोरीनं पट्टी धरली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. हात सुटेना. त्यानं भिंतीतली पिन उपटली तेव्हा ती धाडकन खाली कोसळली.

जीव वाचला, नशीब म्हणायचं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र मिटत नाहीत. मशीन जत्रेला गेलीच नाही. सोजराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, मीच मेलीनं चपला काढायला लावल्या. वैजनाथ ऐकतो आणि उठून बाहेर जातो. भेकड कुठला!

परवा जेवताना, डाव्या हातानं घास घेत हिमानीनं विचारलं, "बाबा, पट्टीत करंट हाये, हे तुमाले माहीत होतं का?"

वैजनाथनं भाकरीचा तुकडा मोडला.

"नाही वं," वैजनाथ म्हणाला.

सोजराबाई पुन्हा रडायला लागली.