मास्तरांचे थांबे

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाताखालून निम्मं गाव गेलं होतं आणि त्यातल्या प्रत्येकाने त्यांची बोलणी खाल्ली होती. दिसलं नाही तर गाडी बाजूला घ्यायची आणि उभी करायची, अंदाजपंचे चालवायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. स्वतः मात्र ते एकदा निघाले की मुक्काम आल्याशिवाय थांबत नसत. बायकोने संसारातली सगळी वर्षं तळी आणि फुलांचे मळे काचेतून पळतानाच पाहिले. थांबू या का, असं तिने विचारलं की "परतताना" हे उत्तर ठरलेलं, आणि परतताना हमखास अंधार पडलेला असे.

म्हणून लेकीकडे जायच्या दिवशी मास्तरांनी हमरस्ता सोडून खेड्यांतून जाणारी अरुंद वाट धरली, तेव्हा बाईंना नवल वाटलं. पुढे तर कमालच झाली. एका विहिरीपाशी गाडी कडेला घेऊन ते म्हणाले, जरा पाय मोकळे करू. मग एका कुंभाराच्या अंगणाशी थांबले. तिथे बाईंनी ओल्या मडक्यांच्या रांगांतून फिरून मनसोक्त चौकशा केल्या. नंतर तळ्याकाठी थांबले, तेव्हा त्या चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ बाहेर यायचं नाव घेईनात.

खरी गोष्ट निराळी होती. मास्तरांच्या डाव्या डोळ्यापुढे बरेच दिवस धुकं साचलं होतं आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून स्पष्ट बजावलं होतं. घरी येऊन मास्तर चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगून मोकळे झाले. गाडी सुटली तर आपल्यात मास्तर म्हणण्यासारखं काय उरेल, याची त्यांना भीती वाटत होती. हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या धास्तीने ही वाट धरली आणि समोरचं काही विरघळल्यासारखं दिसलं की ते स्वतःचाच धडा गिरवत होते. विहिरीपाशी समोरून ट्रॅक्टर येत होता. कुंभाराकडे वळणच दिसलं नव्हतं.

बाई बोलत सुटल्या होत्या. लेकीच्या लहानपणीच्या गोष्टी निघाल्या, मास्तरांच्या आईच्या हुबेहूब नकला झाल्या. मध्येच त्या म्हणाल्या, "उशिरा का होईना, पण सुधारलात हो तुम्ही." मास्तरांनी नुसतं हूं केलं. ही इतकी हसते हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी ते गप्प राहिले. खरं सांगितलं तर गाडीही जाणार होती आणि हे हसणंही.

पुढे रस्ता अगदी मोकळा दिसत होता, म्हणून ते थांबले नाहीत. त्याच मोकळ्या रस्त्यावर, डाव्या कडेने, एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन चालला होता. आरसा भाऱ्याला घासला आणि माणूस भाऱ्यासकट शेताच्या चारीत गेला. नशीब थोर, त्याला खरचटलंही नाही. त्याने मास्तरांचा यथेच्छ उद्धार केला, भारा पुन्हा बांधून घेतला आणि तो निघून गेला.

मास्तरांनी किल्ली काढून बायकोच्या हातात दिली. "मला तो दिसलाच नाही," ते म्हणाले. मग डोळ्याचं, डॉक्टरांचं, सगळं सांगून टाकलं.

बाईंनी किल्ली मुठीत धरून विचारलं, "म्हणजे माझ्यासाठी एकदाही नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले. निदान आता खोटं बोलायचं नव्हतं.

बाईंनी जावयाला फोन लावला. तो एका मित्राला घेऊन यायला निघाला. वाट बघताना दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभी होती. बाईंना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. तरीही जावयाची गाडी लांबून दिसली तशी त्या म्हणाल्या, "इंजिन गरम झालं म्हणून सांगा. मी काही बोलणार नाही."

जावईही मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने उतरल्या उतरल्या काय बिघडलं म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, "गाडी ठीक आहे. मला दिसत नाही." एवढं सांगून ते स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसले आणि बाईंना पुढे बसायला लावलं. मित्र जावयाची गाडी घेऊन पुढे गेला आणि जावई मास्तरांची गाडी चालवायला बसला.

"जावईबापू, ही सांगेल तिथे गाडी उभी करा," मास्तर म्हणाले. "कारण विचारू नका."

दोन गावं मागे पडली, एक पूल गेला. मग जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं, नुसती नांगरलेली जमीन होती, तिथे बाई म्हणाल्या, "इथे."

जावयाने गाडी उभी केली. बाई उतरल्या, मागचं दार उघडलं आणि मास्तरांना हाताला धरून बाहेर काढलं. "चला, जरा पाय मोकळे करू," त्या म्हणाल्या.