गंध लावलेला रोटर

माझ्या थोरल्या साडूंइतका सुखी माणूस मी सगळ्या तंजावरात दुसरा पाहिला नाही, आणि त्या सुखाचा नऊ दशांश भाग त्यांना जीपच्या खाली उताणं पडून मिळालेला होता. ही जीप लढाईतली. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतून त्यांनी ती उचलली, परसातल्या गोठ्यात उभी केली, आणि गोठ्यातली गाय पापनाशमला धाकट्या भावाकडे पाठवून दिली. मी शाळेत गणित शिकवतो. अंदाजाने बोलायची मला सवय नाही. पहिल्या वर्षात ती गाडी अकरा वेळा रस्त्यावर आली आणि त्यांतल्या सात वेळा ढकलत परत आली. सातही वेळा ढकलणाऱ्यांत मी होतो. "गाय होती तेव्हा सकाळी दूध मिळायचं," माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, म्हणायच्या. "हिच्याखाली भांडं ठेवलं तर काळं तेल मिळतं." साडू गाडीखालूनच विचारायचे, "अगं, गाय कधी तुला तिरुवैयारूला नेत होती का?" "ही तरी कुठे नेते?"

साडू कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढत, त्यामुळे त्यांच्या कामात टापटीप फार. गाडी उघडली की नट हरवू नयेत म्हणून ते इडलीपात्र घेऊन बसत. सोळा खळग्यांत सोळा मापांचे नट. एका रविवारी माझ्या इडलीच्या पोटातून वायसर निघाला. मी तो ताटाच्या कडेला ठेवला, तर साडू आनंदाने ओरडले, "अय्यो, मंगळवारपासून हाच शोधतोय!" सुधारणांचाही त्यांना भारी सोस. सहा व्होल्टची गाडी त्यांनी बारा व्होल्टची केली, पण दिवे बदलायचे राहिले. त्या संध्याकाळी दिवे असे लखलखले की शेजारी बघायला आले, आणि चार मिनिटांत पाचही दिवे गेले. "पाहिलंस ना, कणक्कु?" ते मला म्हणाले. कणक्कु म्हणजे तमिळमध्ये हिशेब. मला ते याच नावाने हाक मारत. "चार मिनिटं का होईना, तंजावरात असा उजेड कुणी पाडला नव्हता."

त्यांची सगळ्यात पक्की सवय रोटरची. इंजिनातल्या वीज वाटणाऱ्या डबीत अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, त्याच्यावर पितळेची पट्टी. तो काढला की गाडी सुरू होत नाही. चोर गाडी नेतील म्हणून साडू रोज रात्री तो काढून उशाखाली ठेवत. चोराला ढकलायला माणसं कुठून मिळणार, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस बोलले नाहीत.

शेवटी एका नवरात्रात अक्कांनी अट घातली. विजयादशमीला ओरत्तनाडूला मुलीच्या घरी नातवाला पहिलं अक्षर गिरवायला बसवायचं होतं, साडेदहाच्या आत. "गाडीने न ढकलता मला वेळेवर पोचवलं तर राहू दे तिला गोठ्यात. नाही पोचवलं, तर गाडी जाईल आणि गाय परत येईल." साडू "सरि", म्हणजे 'बरं', म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला. आठ दिवस ते गाडीखालून बाहेर आले नाहीत.

आमच्याकडे नवमीला सरस्वतीपूजेबरोबर आयुधपूजा होते. पुस्तकं, हत्यारं, सगळं देवापुढे मांडायचं आणि दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. साडूंनी त्रेचाळीस हत्यारं मांडली आणि मधोमध, चांदीच्या ताटलीत, रोटर. नंतर त्यांना पुढच्या चाकाचा एक नट ढिला दिसला. पाना देवापुढे! दिवसभर ते त्या नटासमोर मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

दशमीला सकाळी पूजा झाली, नट आवळला, रोटर बसवला. आठ वाजून दहा मिनिटांनी साडूंनी बटण दाबलं. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकलं. आठ पंचवीस झाले. शेवटची सोयीची बस पावणेनऊला. अक्का फळांची परडी घेऊन उभ्या होत्या. साडूंनी डबी उघडून आत पाहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "रोटरला गंध कुणी लावलं?"

"मी," अक्का म्हणाल्या. "आज सकाळी, पूजेत. सगळ्यांना बोटभर लावलं, त्याला तीन बोटं लावलं."

"तीन का?"

"तुमची गाडी चालावी म्हणून."

वीज पुढे जायच्या ऐवजी त्या ओल्या गंधातून भलतीकडेच जात होती. अक्कांनी परडी माझ्या हातात दिली, रोटर मागून घेतला, आणि नव्या रेशमी लुगड्याच्या पदराने पुसून पुसून कोरडा केला. साडूंनी तो बसवला. आठ सदतीसला गाडी पहिल्या दमात सुरू झाली. अक्का चढायला लागल्या आणि थबकल्या. "ही पायरी कधी केलीत?" "दोन वर्षं झाली. नऊवारीत तुला एकोणीस इंच पाय उचलता येणार नाही म्हणून अकरा इंचांवर केली." अक्कांनी त्याआधी एकदाही त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता.

साडेचौदा मैल, एक तास सहा मिनिटं, ढकलणं शून्य. गाय पापनाशमलाच राहिली.

आता साडूंच्या डोळ्यांना नीट दिसत नाही. मागच्या वर्षी जीपही पापनाशमच्या एका भातशेतीवाल्याला दिली. तिच्यात नवा रोटर बसवून दिला. जुना त्यांनी ठेवून घेतला. परवाच्या नवमीला तो नेहमीसारखा चांदीच्या ताटलीत होता. अक्कांनी बोटाच्या टोकावर मोहरीएवढं गंध घेतलं आणि काळ्या बाजूला, पट्टीपासून दूर टेकवलं. साडू वाकून बघू लागले, पण त्यांना काही दिसेना.

"पितळेला लागलं नाही ना?"

"नाही हो," अक्का म्हणाल्या. "पितळ कोरडं आहे. उद्या सकाळी निघता येईल."