सिलेंडरातला चरा

काल खासबागेच्या चौकात कुणाची तरी जुनी टू-स्ट्रोक फटफटी धूर सोडत गेली. जळक्या ऑइलचा तो वास नाकात शिरला आणि माझी मान आपोआप खाली गेली.

माझं गॅरेज होतं तवाची गोष्ट. वडगावचा परशराम, मागावर साड्या विणणारा. वारलेल्या बापाच्या गाडीचं इंजिन त्यानं माझ्याकडनं नव्यानं बांधून घेतलंतं. निपाणीला जाताना वाटेतच ते जाम झालं आणि गाडी टेम्पोत घालून तो गॅरेजात आला. किक जागची हलत नव्हती.

"पेट्रोलात ऑइल घातलं न्हाईस, व्हय रं?" मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. "माग चालवणाऱ्यानं मागच चालवावा!"

"घातलंतं, आप्पा," तो हळूच म्हणाला.

मी सिलेंडर वर ओढला. ऑइल कमी पडलं असतं तर पिस्टन चौफेर ओरबाडला असता. इथं सिलेंडरात एकाच बाजूला, पिस्टनच्या पिनीसमोर, खोल उभा चरा होता. पिनीला अडवणारं तारेचं बारीक लॉक निसटलंतं. बांधताना परशराम म्हणालाता, "लॉक नवं टाकूया की, आप्पा." मी हट्टानं जुनंच बसवलंतं.

लॉकाच्या रिकाम्या खाचेवर त्यानं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"काय निघालं, आप्पा?" मागनं कुणीतरी विचारलं.

मी फडक्यानं हात पुसाय लागलो. परशरामच म्हणाला, "माझंच चुकलं. ऑइल कमी पडलं."

त्यानं माझी अब्रू झाकली, हे आज कळतंय. तवा मी त्याच्याकडं न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी आधीच सांगितलं न्हवतं?"