चौकटीतला चेंडू

एडिनबरात फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे खांदे हलते करत मला एकोणीस वर्षं झाली. पेशंट खरं सांगतोय की थापा मारतोय, हे मला दारातच कळतं, असा माझा गोड समज आहे. हे आजोबा आले आणि म्हणाले, "बागेत पडलो." मी हात वर करून पाहिला. खांद्याचं दुखणं चांगलं साठ वर्षांचं मुरलेलं होतं. "ही बाग कधीची?" मी विचारलं, तेव्हा ते खो खो हसले.

ते अमेरिकेतले कृष्णवर्णीय, पंच्याऐंशीचे, स्कॉटिश बायकोपायी इथे येऊन राहिलेले. तरुणपणी ते पगारी बेसबॉल खेळायचे. त्यांच्या संघातले पहिलेच काळे पिचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, एवढं मला समजलं आणि मी लगेच शहाणपणा केला. कोपर ताठ ठेवून हात फिरवायचा व्यायाम दिला. नागपूरच्या उन्हात भावांची क्रिकेटं बघत वाढलेली मी. कोपर वाकवून चेंडू टाकणं आमच्यात पाप. आजोबांनी दोन आठवडे निमूटपणे हात फिरवला आणि मग म्हणाले, "हे छान आहे गं, पण मी असं जन्मात कधी टाकलं नाही." मग त्यांनी उठून करून दाखवलं, आणि माझे व्यायाम मार्गी लागले.

हात चालू झाला की पेशंटचं तोंडही चालू होतं. रबरी पट्टा ताणता ताणता त्यांनी मला सगळी कारकीर्द सांगितली. संघ हॉटेलात झोपायचा, हे बसमध्ये. यांचं जेवण खानावळीच्या मागच्या दारातून यायचं. इतरांचा खांदा दुखला तर मालीशवाला, यांना गरम पाण्याची पिशवी. हे सगळं ते हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगत. आवाज चढायचा तो फक्त अंपायरवर. फलंदाजासमोर एक काल्पनिक चौकट असते. तिच्यातून चेंडू गेला तर स्ट्राइक, म्हणजे पिचरची सरशी; बाहेरून गेला तर बॉल, म्हणजे आपला वाइडच समजा. आणि हे ठरवणार अंपायर. "माझ्यासाठी ती चौकट लहान व्हायची," ते म्हणाले. चार हंगामांत खांदा गेला आणि खेळही गेला. "मी चांगला पिचर होतो की नाही, हे मला आजही माहीत नाही. कुणी खरं सांगितलंच नाही."

मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. कुणावर काढणार? पुढच्या पेशंटला उगाच दहा व्यायाम जास्त दिले.

वसंतात इथल्या एका हौशी बेसबॉल क्लबाने हंगामाचा पहिला चेंडू टाकायला आजोबांना बोलावलं. तो मानाचा चेंडू. अर्ध्या अंतरावरून टाकला तरी चालतो, आणि त्याला कुणी अंपायर नसतो. आजोबांनी अट घातली की अंतर पुरतं हवं आणि अंपायरही हवा.

"खांदा पुन्हा गेला तर शर्टाची बटणं कोण लावणार?" मी दटावलं.

"तू," ते म्हणाले. इरसाल म्हातारा!

"अगं, डिस्चार्ज दिलास ना त्यांना? मग संडेला कशाला जातेस?" नवरा म्हणाला. मी म्हटलं, तू बस घरी. तोही आला, चहाचा फ्लास्क घेऊन.

वारा बोचरा होता. आजोबांनी गुडघा उचलला, कोपर वाकवलं आणि चेंडू सोडला. मधे टप्पा न पडता तो थेट पोचला. मी चक्क ओरडले. पण झेलणाऱ्याला तो घ्यायला हात लांबवून बाजूला झुकावं लागलं होतं.

"स्ट्राइक!" अंपायर ओरडला. भला माणूस. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आजोबा टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले आणि मग सावकाश त्याच्याकडे चालत गेले. खांदा गेला असं वाटून मीही धावले.

"तो बॉल होता," ते म्हणाले.

"सर, आज तुमचा मान आहे..."

"बॉल होता. तसं सांग."

अंपायरचे कान लाल झाले. "बॉल," तो पुटपुटला.

"सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"बॉल!"

"थँक यू," आजोबा म्हणाले. त्यांनी चेंडू मागून घेतला आणि पुन्हा टाकायला आपल्या जागेकडे निघाले. मी एकाच चेंडूची परवानगी दिली होती, पण मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली.