अविश्वास ठरावाच्या आदल्या दिवशी, तीनचा शो

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. सात माणसं एका जीपमध्ये कोंबा, त्यांचे मोबाइल काढून घ्या, तीन दिवस गावाचं तोंड दिसू देऊ नका, मंग बघा किती होतात ते! आमच्या ग्रामपंचायतीच्या सहलीचे माझ्याकडं इतके साठलेत की सगळे सांगत बसले तर चुलीवरची डाळ करपेल. म्हणून पिच्चरचे तेवढे सांगते.

ज्यांना ही 'सहल' ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा असला की सह्या केलेल्या सदस्यांना मतदानापर्यंत गावाबाहेर फिरवतात. कुणी फोडू नये म्हणून. देवदर्शन, लॉज, जेवण, सगळं फुकट. आम्ही सरपंच धरून नऊ सदस्य. सरपंच बाई असली की तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे तिला पाडायला सात हात. आणि आम्ही बरोबर सात होतो. एक गळला की ठराव पडला!

आता मी त्या सातांत कशी? सरपंच रेखाला निवडणुकीला उभं मीच केलं होतं. तिच्यासाठी दारोदार हिंडले. आणि निवडून आल्यावर खुर्चीत बसायला लागला तिचा नवरा! मी भर बैठकीत विचारलं, "गावानं मत कुणाला दिलं? बांगड्यांना का मिशांना?" रेखा मान खाली घालून बसली. त्या रागात मी उपसरपंच भगवाननं पुढं केलेल्या कागदावर सही ठोकली.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही जालन्यात लॉजवर होतो. दुसऱ्या दिवशी अकराला गावात मतदान. तेवढ्यात कांताबाई बिथरली. कांताबाई म्हणजे आमच्यातली वस्तीवरची सदस्य. पाच फूट उंची, पण अडून बसली तर जेसीबीनं हलायची नाही.

"माझी म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई. मी चालले यष्टीनं."

भगवानला घाम फुटला. तीन तास दार लावून अंधारात बसवायची जागा कुठली? थेटर! तो जल्दी जल्दी जाऊन पोस्टर बघून आला. पोस्टरवर पांढऱ्या साडीतली बाई, हात जोडलेली, मागं लख्ख उजेड.

"चला, संत बाईचा पिच्चर हाय. पुण्य लागंल."

ती बाई मुख्यमंत्री होती!

*

मी याआधीचा पिच्चर पाहिला तो जांब गावी, रामनवमीच्या जत्रेतल्या तंबूत, मातीत बसून. पडदा वाऱ्यानं हलला की हिरोचं नाक वाकडं व्हायचं. इथं पडदा आमच्या शाळेच्या भिंतीपेक्षा मोठा, आणि आवाज छातीत शिरणारा.

पहिलाच सीन. मुख्यमंत्री आपल्या खुर्चीत मरून पडलाय. रक्त नाही, गाणं नाही, कुणी रडत नाही. टेबलावरचा फोन तेवढा वाजून राह्यलाय. वाजतोय, वाजतोय. सगळं थेटर श्वास धरून. मला वाटलं आता ही रिंग माझ्या डोक्यात कायमची राहणार.

शेवटी कांताबाई ओरडली, "अरे उचला की कुणीतरी!"

सगळं थेटर हसलं. आणि त्याच क्षणी पडद्यावर एका हातानं फोन उचलला. पक्षाचा म्हातारा नेता. तो सुरुवातीपासून त्याच खोलीत, खिडकीच्या पडद्याआड बसलेला होता! हसणं अर्ध्यातच बंद. कांताबाईनं माझा दंड पकडला तो सोडलाच नाही.

पाचशे माणसांना हसवावं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गप्प करावं! ज्यानं हा पिच्चर काढला त्याच्या आईनं त्याला काय खाऊ घातलं असेल!

*

मेलेल्या मुख्यमंत्र्याच्या बायकोला खुर्चीत बसवतात. तीच पांढऱ्या साडीतली. म्हाताऱ्या नेत्याला वाटतं, बाई मुकाट सह्या करील.

मी भगवानच्या कानात म्हणाले, "नटी काही बरोबर न्हाई. फाइल वाचायचं सोंग करून राह्यली. डोळे हलतच न्हाईत."

"आक्का, बघा की गप. मुख्यमंत्री हाय ती!"

पण मला वाचणाऱ्याचा डोळा कळतो. मी शाळेची पायरी चढले नाही. चाळिशी उलटल्यावर किराण्याच्या पुड्यांवर आणि यष्टीच्या पाट्यांवर अक्षरं शिकले, ती कुणी न शिकवता. वाचणाऱ्याचं बुबुळ ओळीवरून चालतं, ओळ संपली की मागं उडी मारतं. हिची नजर एका जागी रुतलेली. एवढा पैका ओतून पिच्चर काढला आणि नटीला वाचायचं नाटक शिकवलं नाही, असं म्हणून मी तिला मनातून खोडून टाकलं.

*

मंग तो सीन आला. सरकार पडू नये म्हणून आमदारांना पडदे लावलेल्या बसमध्ये भरतात आणि रिसॉर्टवर नेतात. दारात एक माणूस पिशवी घेऊन उभा. सगळ्यांचे मोबाइल त्या पिशवीत.

आमची सगळी लाइन वळून भगवानकडं बघायला लागली. त्याच्या मांडीवर पिशवी. पिशवीत आमचे मोबाइल!

युसुफभाई, आमच्यातला सगळ्यात जुना सदस्य, मोठ्यानं म्हणाला, "अरे, ये तो अपनीच थैली हय!"

मागच्या माणसानं "गप बसा हो" म्हणून झापलं. युसुफभाई हळूच भगवानकडं झुकला. "उपसरपंच, उनको पोहने का तलाव दिया. हमको गरम पाणी बी नय."

*

मध्यंतरात भगवान उठला. "पिच्चर बिलकुल भंगार हाय. चला, लॉजवर चहा घेऊ."

कुणी हललं नाही.

"अरे, डोकं दुखंल!"

कांताबाई पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसली. "तुझं दुखत असंल तर तू जा, भगवान. पिशवी ठिवून जा."

*

त्या म्हाताऱ्या नेत्याबद्दल सांगायलाच पाहिजे. हिंदी पिच्चरमधला पुढारी म्हणजे आरडाओरडा, असं मला वाटायचं. हा माणूस एकदाही आवाज चढवत नाही. मोसंबी सोलतो. चाकूनं, एका सालीत, साल कुठं तुटू न देता. आम्ही मोसंबीच्या मुलखातली माणसं. आमच्याकडं कुणी अशी सोलून दाखवावी! सोलता सोलता समोरच्याला विचारतो, "माताजी के घुटने कैसे हैं?" एवढंच. ज्याच्या आईच्या गुडघ्यांची त्यानं चौकशी केली, तो माणूस पुढच्या सीनमध्ये दिसत नाही!

तिसऱ्यांदा त्यानं मोसंबी हातात घेतली तेव्हा युसुफभाई डोळे मिटून म्हणाला, "या अल्ला, अब किसकी अम्मा?"

तालुक्याचे पुढारी मी चाळीस वर्षं बघतेय. पण भीती एवढी गोड बोलू शकते हे मला त्या नटानं शिकवलं.

*

आणि मंग चिठ्ठी. मेलेल्या नवऱ्यानं लिहिलेली चिठ्ठी त्या बाईला कपाटात सापडते. मला कोण मारणार आहे त्याचं नाव त्यात आहे, एवढं त्यानं तिला मरायच्या आधी सांगितलेलं असतं. बाई चिठ्ठी उघडते. उलटी करते, सुलटी करते. गालाला लावते. आणि रडायला लागते.

तिला वाचताच येत नव्हतं! नवऱ्यापासूनही तिनं ते लपवलं होतं.

नटी चुकली नव्हती. पहिल्या फाइलपासून ती न वाचणारी बाई करून दाखवत होती, आणि आख्ख्या थेटरात ते मला एकटीला दिसलं होतं. दिसलं, आणि मी तिलाच चूक ठरवलं! मी पडद्याला हात जोडले. खरोखर जोडले. मला लाज कसली!

आता फास बघा. चिठ्ठी वाचून कुणाकडून घ्यायची? सेक्रेटरी, ड्रायव्हर, भाऊ, डॉक्टर, सगळ्यांना वाचता येतं. पण ज्याच्या हातात चिठ्ठी देईल त्याचंच नाव आत असलं तर? एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण, आणि एक कागद वाचून घ्यायला माणूस नाही!

ती मंत्रालयाच्या दारांवरच्या पाट्या बघून एकेक अक्षर शिकते. कृषि. वित्त. गृह. प्रत्येक दारापुढं पदर सारखा केल्यासारखं करून थांबते. मी खुर्चीच्या कडेला आले होते. "क झाला! आता ग बघ, ग!" असं मी मोठ्यानं म्हणत होते, हे मला युसुफभाईनं नंतर सांगितलं.

शेवटी ती चिठ्ठी उघडते. समोर म्हातारा, मोसंबी, चाकू. तिचे ओठ हलतात. बुबुळ ओळीवरून चालतं! एका अक्षराला ओठ मिटतात. ती चिठ्ठी घडी करते आणि म्हाताऱ्याला विचारते, "आपकी माताजी कैसी हैं?"

अंधार. पिच्चर संपला. नाव सांगितलंच नाही!

कुणी उठेना. बॅटरीवाला येऊन म्हणाला, "चला, साफ करायचंय." लॉजवर जाईपर्यंत जीपमध्ये भांडण. युसुफभाई म्हणे डॉक्टर, बाकीचे म्हणे म्हातारा. भगवान म्हणाला, "ड्रायव्हर." आमच्या ड्रायव्हरनं गाडीच बाजूला घेतली. "साहेब, काहून माझ्यावर?"

कांताबाई तेवढी कमरेची पिशवी चाचपत बसली होती.

*

सकाळी चहा आल्यावर ती माझ्या खोलीत आली. दार लावलं. कमरेच्या पिशवीतून कागद काढला. तहसीलची नोटीस, सोबत ठरावाची प्रत. घडी पार झिजलेली.

"आक्का, वाचून दाखव."

"तुझा चष्मा कुठंय?"

"चष्मा हाय. मला वाचताच येत न्हाई."

चार वर्षं ती बैठकीत माझ्या शेजारी चष्मा लावून कागद धरायची! पडद्यावरच्या बाईचे डोळे मी अर्ध्या तासात ओळखले. हिचे चार वर्षांत ओळखले नाहीत.

"मंग इतके दिवस कुणाला का न्हाई दाखवलास?"

"कुणाला दाखवू? सगळे भगवानच्याच जीपमधले. तूबी."

मी चष्मा लावला. आणि आता जे लिहिते ते लिहायला जड जातं, पण लिहिणारच. ती प्रत मीही पहिल्यांदाच वाचत होते. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत न घालणारी मी, रागात न वाचता सही केली होती.

"मुद्दा तीन," मी वाचलं, "सरपंचांनी सदस्यांना विश्वासात न घेता वस्तीवर नळाची लाइन टाकली."

"कुठल्या वस्तीवर?"

"तुझ्या. तुझ्या दारातला नळ."

कांताबाईचा चहा हातातच राहिला. "भगवान तर म्हणला, नवरा खुर्चीत बसतो म्हणून ठराव हाय."

"मलाबी तेच म्हणला."

"ते कुठं लिव्हलंय?"

मी कागद उलटा केला, सुलटा केला. नवऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कसं असेल? पुढची सरपंच भगवानची बायको व्हायची होती, आणि मंग खुर्चीत भगवानलाच बसायचं होतं.

*

अकराला बैठक. तहसीलदार साहेब वयानं तरुण, शर्ट कडक इस्त्रीचा. रेखा खुर्चीत, चेहरा पांढराफटक. तिचा नवरा सवयीनं तिच्या मागं येऊन उभा.

मी उठले. "साहेब, हा सदस्य न्हाई. ह्याला बाहेर काढा, नायतर मी भगवानच्या बाजूनं हात वर करते."

नवरा रेखाकडं बघायला लागला. रेखानं माझ्याकडं बघितलं. मंग चार वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज त्या खोलीत ऐकला.

"जा तुम्ही. बाहेर बसा."

तो गेला. साहेबांनी ठराव वाचला. "बाजूने असतील त्यांनी हात वर करावा."

पाच हात.

भगवाननं स्वतःचा हात वर ठेवूनच पुन्हा मोजले. मंग आमच्याकडं वळला. "आक्का! कांताबाई! हात!"

मी हात मांडीवर ठेवले होते. कांताबाईनं पदराखाली घेतले होते.

साहेबांनी पाचचा आकडा लिहिला. मंग सह्यांचा कागद पुढं ओढला आणि कांताबाईला म्हणाले, "काकू, इथं तर तुमची सही आहे. तीन दिवसांत असं काय झालं?"

"पिच्चर पाह्यला, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"कोणता?"