कोहळा फुटण्याआधी

दिग्दर्शक मासिलामणींविषयी मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये, चित्रपटवाल्यांच्या वस्तीत, ज्या कथा सांगितल्या जात, त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या, आणि कोणत्या निम्म्या हे त्यांच्या हाताखालच्या तणिकाचलमला ठाऊक होते. एका गाण्यासाठी त्यांनी अख्खी पालार नदी लाल रंगवली, ही खोटी. ती नदी नव्हती, वीटभट्टीमागचा खड्डा होता. त्यात रंगाची पोती ओतणाऱ्यांत तणिकाचलम स्वतः होता आणि नंतर कितीतरी दिवस त्याचे तळवे गुलाबी होते. राजवाड्याचा सेट मनासारखा उतरला नाही म्हणून त्यांनी तो पेटवून दिला, हीही खोटी. आग तारा जळून लागली होती. मासिलामणींनी एवढेच केले, की बंब येईपर्यंत कॅमेरा चालू ठेवला आणि मग पटकथेत आग घातली.

अरुप्पुकोट्टैच्या नाटक कंपनीत ते पडदे रंगवत असत आणि पहिला चित्रपट त्यांनी एका खेड्यात, एका विहिरीभोवती, मोजक्या माणसांत पुरा केला, ही कथा मात्र खरी होती. ती कुणी सांगत नसे.

विहीर चालली. पुढच्या चित्रपटात विहिरीचे तळे झाले आणि त्याच्या पुढच्यात तळ्याचा समुद्र. मदुरैपासून तिरुनेलवेलीपर्यंत लोक तिकिटाच्या रांगेत एकमेकांना विचारत, ‘या खेपेला काय बांधलंय?’ भित्तिपत्रकावर दिग्दर्शकाचे नाव नायकाच्या नावाहून मोठे होऊ लागले. गोष्ट काय आहे, हे विचारायचे निर्मात्यांनी हळूहळू सोडून दिले. किती हत्ती लागतील, एवढेच ते विचारत. मग लागोपाठ दोन चित्रपट पडले. एकात जहाज होते, दुसऱ्यात बर्फ. त्यानंतर मासिलामणींच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या, पण त्यांच्या डोक्यातले बांधकाम काही थांबले नाही.

तणिकाचलम त्यांच्याकडे आला तो त्यांच्या दुसऱ्या, तळ्याच्या चित्रपटाच्या वेळी, शॉटच्या आधी पाटी वाजवायला. तिरुत्तणीजवळच्या खेड्यातला, अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. त्याच्यानंतर आलेले सहायक दोन-तीन चित्रपट शिकून बाहेर पडले, स्वतः दिग्दर्शक झाले आणि आपापल्या चित्रपटाच्या मुहूर्ताच्या पूजेची निमंत्रणे त्याला देऊन गेले. तो राहिला. चढत चढत सहदिग्दर्शक झाला आणि तिथेच थांबला. त्याच्यापाशी एक गोष्ट होती. एक गाव, एक बस आणि निवृत्त व्हायला आलेला एक वाहक. ती त्याने चहाच्या टपरीवर, कपडेपटात, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगितली होती. मासिलामणींना तेवढी सांगितली नव्हती, कारण त्यांनी कधी विचारले नव्हते.

त्या वर्षी तिरुपोरूरच्या माळावर देऊळगावाचा सेट उभा होता. निर्माते होते कारैकुडीचे अळगप्पन चेट्टियार, तीन चित्रपटगृहांचे मालक, शांत माणूस. शेवटच्या प्रसंगात पूर येतो, गोपुर कोसळते आणि एका म्हातारीचा, म्हणजे राजांबाळ अम्मांचा, मुलगा वाहून जातो. टाक्यांचे दरवाजे उघडले, पूर आला आणि लाकूड-प्लास्टरचे गोपुर ठरल्याप्रमाणे पडले. चित्रीकरण संपले असे सगळ्यांनी धरले. मासिलामणींनी मात्र पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, “म्हातारीचा शॉट खोटा आहे. गोपुर परत बांधा.”

चेट्टियारांनी त्या संध्याकाळी तणिकाचलमला गाडीत बोलावले.

“बस, तंबी. जेवलास का?” वयाने लहान माणसाला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

“जेवलो, अय्या.”

“खोटं बोलतोस, पण चांगलं बोलतोस. ऐक. गोपुर आता मी बांधणार नाही. बांधलं तर तो म्हणेल, मागे डोंगर हवा. तुझी बसची गोष्ट मी ऐकलीय, आवडलीय. तै महिन्यात, पोंगल झाला की, तुझ्या चित्रपटाची पूजा करू. पण हा आधी संपायला हवा.”

“सर संपवतील, अय्या.”

“तो नाही संपवणार. तू संपव. उद्या कोहळा पाठवतो.”

कोहळा म्हणजे काय, हे तणिकाचलमला सांगायला नको होते. चित्रीकरण संपले, की सगळ्या माणसांवरून कोहळा ओवाळायचा, वर कापूर पेटवायचा आणि तो जमिनीवर आपटून फोडायचा. एकदा कोहळा फुटला, की तो चित्रपट संपला. मग दिग्दर्शकाने पाय धरले तरी दिवेवाले दिवा उचलत नाहीत आणि कॅमेरावाले भिंगावरचे झाकण काढत नाहीत. असे एकाने केले आणि दिव्याचा खांब पडून माणूस गेला, अशी कथा होती. तणिकाचलमने ती अनेकांना खोदून विचारली होती आणि डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार त्याला मिळाला नव्हता. तरीही झाकण त्यानेही काढले नसते. मासिलामणींच्या चित्रपटात कोहळ्यावरचा कापूर पेटवून तो फोडायला सांगायचा मान सहदिग्दर्शकाचा होता.

“दुपारी तो गाडीत पडतो ना थोडा वेळ?” चेट्टियार म्हणाले. “तेवढा वेळ पुरे.”

रात्री जेवताना त्याने वडिवूला सांगितले. पानात ताकभात वाढता वाढता बायको थांबली.

“मग यात विचार कसला करताय?”

“शॉट खरंच चुकलाय, वडिवू. मी पाहिलाय.”

“चुकू दे! तुमच्या सरांच्या जहाजात काय बरोबर होतं? इतकी वर्षं मान हलवत उभे आहात त्यांच्यामागे, देवळातल्या हत्तीसारखे. हत्तीला निदान रोज ऊस मिळतो.”

“ते झोपलेले असताना?”

“जागे असताना कधी तुम्ही त्यांच्याशी बोललाय?” ती म्हणाली. मग तिनेच आवाज उतरवला. “माझ्या भावांना मी सांगून बसलेय हो. पूजेला सगळे येणार आहेत.”

दुसऱ्या दिवशी कोहळा आला. पांढरा, मोठा, वर हळदीकुंकू. दिवेवाल्यांतला सर्वांत जुना मुनुसामी दरवेळी तो फोडायचा. त्याने तो उचलून खांद्यावर घेतला. ओवाळायचा कोहळा एकदा उचलला की टेकवायचा नाही, अशी त्याची अट होती. मासिलामणी गाडीत जाऊन आडवे झाले. माणसे गोळा झाली. चेट्टियार दूर छत्रीखाली खुर्चीत बसले होते आणि मुद्दामच दुसरीकडे पाहत होते.

“दे ना कापूर, अण्णा,” मुनुसामी म्हणाला. “हा कोहळा आहे की मेहुणा? उतरायचं नाव नाही.”

लोक हसले. तणिकाचलमने खिशातली कापराची पुडी चाचपली. डोळ्यांपुढे वडिवूचे भाऊ आले, पूजेचा मांडव आला, बस आली. तो वळला आणि गाडीकडे चालू लागला.

“अरे, कुठे? अण्णा!” मुनुसामी ओरडला. “माझा खांदा जातोय इकडे!”

गाडीत मासिलामणी जागेच होते. छताकडे पाहत होते.

“सर, बाहेर कोहळा आलाय.”

“वास लागला मला. कुणी मागवला?”

“चेट्टियारांनी. माझ्या हातून फोडायचा होता. तुम्ही झोपल्यावर.”

“मग?”

“मग मी इथे आलो.”

मासिलामणी उठून बसले. चष्मा शोधून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि आपल्या सहायकाकडे जरा नवलाने पाहिले.

“तुला काय देणार होता?”

“तै महिन्यात पूजा.”

बाहेर कुणीतरी मुनुसामीला खांदा बदलण्याचा सल्ला देत होते आणि मुनुसामी त्याच्या घराण्याचा उद्धार करत होता. मासिलामणींनी चष्मा पुन्हा काढून ठेवला. मग पुन्हा आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, “जा. फोडून टाक. मी झोपलोय.”

ही वाट तणिकाचलमने धरली असती, तर त्याला कुणी नाव ठेवले नसते. तो दारापर्यंत गेलाही. मग तिथूनच, पाठमोरा, म्हणाला, “सर, शॉट चुकलाय.”

“तेच तर मी सगळ्यांना ओरडून सांगतोय!”

“पण गोपुरामुळे नाही चुकला.”

डोळे उघडले. “मग कशामुळे?”

तणिकाचलम पुन्हा आत वळला. एवढ्या वर्षांत ‘हो सर’ आणि ‘झालं सर’ यांपलीकडे बोलायची त्याला सवयच नव्हती. “राजांबाळ अम्मा पुराकडे बघतायत. सगळं गाव जिकडे बघतंय तिकडेच. मुलगा वाहून गेला हे आईला आधी कळायला हवं, सर. पूर दिसायच्या आधी. ती स्वयंपाकघरात असेल. एक भिंत पुरेल.”

“भिंत?”

“राखणदाराची झोपडी उभी आहे अजून. तिची.”

मासिलामणी हसले, पण ते हसू चांगले नव्हते. “मला दिग्दर्शन शिकवतोस?”

“नाही, सर.”

“मासिलामणी झोपडीच्या भिंतीपुढे शॉट लावतोय, हे संध्याकाळी वडपळनीच्या प्रत्येक टपरीवर पोचेल. म्हणतील, संपला. अरे, एका चेहऱ्यासाठी मला कोण बोलावणार आहे? मला डोंगरासाठी बोलावतात. डोंगर नसला तर मी कोण आहे?”

 तेव्हा तणिकाचलमच्या ध्यानात आले, की सरांना गोपुर हवे होते ते शॉटसाठी नव्हे. गोपुर उभे राहीपर्यंत कोहळा फुटला नसता, आणि कोहळा फुटेपर्यंत ते मोठ्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते. तो उभाच राहिला. 

शेवटी मासिलामणींनी पाय खाली सोडून चपला शोधल्या. “झोपडीत उजेड कुठून येतो?”

“दारातून, सर. पश्चिमेच्या.”

“मग घाई कर. उजेड जाईल.”

शॉट लावायला अर्धीसुद्धा माणसे लागली नाहीत. उरलेली माळावर पसरून बघत राहिली. राजांबाळ अम्मा जेवत होत्या, त्यांना पानावरून उठवले, तर मासिलामणी म्हणाले, “पान घेऊनच या.” सांबारभाताचे ताट मांडीवर घेऊन त्या भिंतीला टेकून बसल्या.

“पाणी कुठून येणार आहे, सांगून ठेवा बाबा,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी नाकात गेलं.”

“पाणी नाही, अम्मा. तुम्ही जेवताय. बाहेर कुणीतरी ओरडलं. तुम्हाला कळलं.”

“काय कळलं?”

“तुम्हीच ठरवा.”

अम्मांनी त्यांच्याकडे पाहिले, काहीतरी पुटपुटल्या आणि घास उचलला. बाहेरून ओरडायचे काम ऐनवेळी मुनुसामीवर आले, आणि खांद्यावरच्या ओझ्यामुळे त्याची आरोळी इतकी खरी निघाली, की अम्मांचा हात खरोखरच अर्ध्यात थांबला. त्या रडल्या नाहीत. घास त्यांनी ताटात परत ठेवला, तो विस्कटू नये अशा बेताने ठेवला, आणि हात धुवायला पाणी शोधू लागल्या. पाणी नव्हते. मासिलामणींना ‘कट’ म्हणायचे सुचले नाही. फिल्म संपल्याचा आवाज आला, तेव्हा शॉट थांबला.

सूर्य कलताना कोहळा फुटला. मासिलामणी समोर उभे होते. कापराच्या धुराने असेल, त्यांनी चष्मा काढून पुसला. चेट्टियारांनी सर्वांना नमस्कार केला आणि गाडीत बसून ते निघून गेले.

आठवड्याने त्यांनी तणिकाचलमला टी. नगरच्या कार्यालयात बोलावले. कॉफी मागवली.

“शॉट पाहिला मी,” ते म्हणाले. “डोळे भरून आले. तुझी पूजा मात्र होणार नाही, तंबी.”

“एकच दुपार जास्त लागली, अय्या.”

“त्या दुपारचं मला काही नाही. मी तुला एक काम सांगितलं, तू माझ्या मनासारखं केलं नाहीस. उद्या माझ्या पैशावर चित्रपट काढशील, मी म्हणेन हे काप, तू म्हणशील चूक आहे. म्हणशील ना?”

तणिकाचलमने प्रामाणिकपणे विचार केला. “म्हणेन, अय्या.”

“बघ!” चेट्टियार म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होते. “कॉफी संपव.”

वडिवूने भांडण केले नाही. भावांना काय कळवायचे, एवढेच तिने विचारले आणि तांदूळ निवडायला घेतले. दोन दिवस घरात तिच्या बांगड्यांखेरीज कशाचा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सालिग्रामममधल्या त्या दुमजली चाळवजा इमारतीचा जिना मासिलामणी चढून आले. याआधी ते कधी आले नव्हते. वडिवूने ओला हात पदराला पुसला, एकुलती खुर्ची पुढे केली आणि नवऱ्याकडे असे पाहिले, जणू आता हा माणूस आपली चूल तरी मागायला आला असावा.

“दम लागला,” मासिलामणी म्हणाले. “चेट्टियारांनी नाही म्हटलं, असं ऐकलं.”

“हो, सर.”

“मला विचारायला आता कुणी येत नाही, म्हणजे तुझ्यासाठी शब्द टाकायचा तर तो कुणाच्या कानात पडेल, मला ठाऊक नाही. पण टाकीन. त्याआधी गोष्ट माहीत हवी. न्हाव्यालासुद्धा माहीत आहे म्हणे, मलाच नाही. सांग.”

तणिकाचलम खाली चटईवर बसला. सुरुवातीला अडखळला. मग बस घाटाच्या वळणावर आली आणि त्याला धीर आला. वाहकाची शिट्टी त्याने वाजवून दाखवली, म्हातारीची कोंबडी तिकिटात बसते की नाही यावरचे भांडण दोन्ही आवाजांत केले. वडिवू दाराशी उभी राहून ऐकत होती. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती आणि कोंबडीच्या ठिकाणी तिला याही वेळी हसू आलेच.

“थांब,” मासिलामणी पुढे झुकले. त्यांचे दोन्ही हात हवेत उठले होते. “इथे पूल हवा. मोठा. दरीवर, लोखंडी, जुना. बस मधोमध आली की—”

“नाही, सर. तिथे पूल नको.”

हात हवेतच राहिले. वडिवू दारातून एक पाऊल आत आली.

“का नको?”

“ते गाव गरीब आहे, सर. पूल असता तर त्यांना या बसची गरज पडली नसती.”

मासिलामणींनी वाद घातला. लहान पूल सुचवला, मग नुसता पडका पूल सुचवला. तणिकाचलमने दोन्ही नाकारले. शेवटी त्यांनी हात खाली घेतले, वडिवूकडे पाहून ‘फार हट्टी आहे हो हा’ असे काहीसे म्हटले आणि खुर्ची चटईच्या जरा जवळ ओढली.

“बरं, पूल नको,” ते म्हणाले. “बस वळणावर आहे. पुढे?”