खेकड्याचं बीळ

माझा स्वभाव वाईट नाही, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो. हल्ली सांगताना जीभ अडखळते.

आमचं शेत पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीला लागून. खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध आहे आणि त्याची डागडुजी घराघरांत वाटून दिलेली. आमचा वाटा संपतो तिथे शेजारच्या काकांचा सुरू होतो. हद्दीला एक दगड. उधाणाच्या दिवशी सकाळी त्या दगडापाशीच मला खेकड्याचं बीळ दिसलं. पाणी झिरपत होतं. दोन ओंजळी चिखल कोंबला असता तरी भागलं असतं. पण रोह्याच्या कंपनीत शिफ्ट, नाक्यावर बस यायची वेळ, अंगात इस्त्रीचे कपडे. शिवाय बीळ दगडाच्या पलीकडे, निदान मला तरी तसं वाटलं. काका बघतील, म्हटलं आणि गाडीला किक मारली.

शिफ्टभर जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी घरून फोन आला, बांध फुटला. पोचलो तेव्हा लावलेलं भात खाऱ्या पाण्यात गेलं होतं, काकांचं आणि आमचंही. अख्खं गाव चिखलात उतरलं होतं. मीही उतरलो, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

भगदाड बुजलं तसे काका सगळ्यांसमोर माझ्याकडे आले. हात जोडलेले. "बिल मना सकाली दिसलं होतं रं. तुज्या वाट्यान हाय म्हनून तसाच पुढं गेलो. चूक माजी हाय."

मलाही दिसलं होतं. तीनच शब्द बोलायचे होते. आणि मी काय बोललो? "जाऊ द्या काका, होतं असं." लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, एकाने पाठ थोपटली. लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

तेव्हापासून काका रोज सकाळी स्वतःचा वाटा बघून झाला की आमच्या वाट्यातली बिळंही बुजवतात. मी गाडीवरून बघत जातो आणि दिवसभर कशातच लक्ष लागत नाही.

काल मात्र थांबलो. आज सांगायचंच, म्हणून गाडी स्टँडवर लावली. काका आमच्या बाजूला, गुडघाभर चिखलात. वर न बघताच म्हणाले, "जा तू. बस चुकंल तुजी. हितं मी हाय."

मी गेलो. नाक्यावर बस यायला अजून दहा मिनिटं होती.